लुकलुकण्याचे माप

या महिन्याचा लेख म्हणजे एक जुनी दुरुस्ती आहे. चूक माझी, आणि तीही वीस-एकवीस वर्षांपूर्वीची. आमच्या शाळेतील विज्ञानाचे शिक्षक त्या वर्षी दीर्घ रजेवर गेले होते, आणि सरकारी शाळेत बदली माणूस येईपर्यंत जे होते तेच झाले : ज्याचा तास मोकळा, त्याने वर्ग सांभाळायचा. मी भाषेचा शिक्षक. नववीच्या वर्गात प्रकाशाचा धडा चालू होता. पहिल्या बाकावरील एका मुलीने उठून विचारले, ‘‘सर, आपल्या पटांगणाएवढा आरसा बसवून दुर्बीण केली, तर तारे अगदी स्वच्छ दिसतील ना?’’ मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, ‘‘अर्थात! आरसा जितका मोठा, तितके चित्र स्वच्छ.’’ मुलगी समाधानाने खाली बसली, धडा पुढे सरकला, आणि मी ती गोष्ट साफ विसरून गेलो.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी तीच मुलगी नमस्काराला घरी आली. आता ती दुसऱ्या एका शहरात महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविते. फराळ झाल्यावर आम्ही सारे गच्चीवर गेलो. इंदूरच्या आकाशात हल्ली दिव्यांच्या झगमगाटामुळे मोजकेच तारे दिसतात. तरी ईशान्येला ब्रह्महृदय नुकताच वर आला होता, आणि क्षणात तांबडा, क्षणात हिरवा असा लुकलुकत होता. त्याच्याकडे पाहत ती हसून म्हणाली, ‘‘सर, नववीत तुम्ही मला दिलेलं उत्तर अर्धंच बरोबर होतं. उरलेलं अर्धं मी सांगू का?’’

त्या रात्री तिने जे सांगितले, आणि नंतर तिने धाडलेली पुस्तके चाळून जे माझ्या पदरात पडले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. विषय भाषेच्या मास्तराचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु चुकीचे उत्तर ज्याने दिले, त्यानेच ते दुरुस्त करावे हे बरे.

मोठ्या आरशाचे उपयोग दोन. एक म्हणजे तो अधिक प्रकाश गोळा करतो. अंगणात पावसाचे पाणी धरायला वाटीपेक्षा परात बरी, तसेच हे. या बाबतीत माझे उत्तर खरे होते. दुसरा उपयोग बारकावे निरनिराळे दाखविण्याचा. तेथेही प्रकाशाचा नियम मोठ्या आरशाच्याच बाजूने आहे. अमेरिकेत पालोमार पर्वतावर १९४८ साली सुरू झालेल्या दुर्बिणीचा आरसा पाच मीटर व्यासाचा. नियमाप्रमाणे तिने विकलेच्या चाळिसाव्या भागाइतक्या अंतरावरील दोन बिंदू वेगळे दाखवावयास हवेत. (विकला म्हणजे अंशाचा तीन हजार सहाशेवा भाग, पंचांग पाहणाऱ्या घरांत हा शब्द अजून परका झाला नसावा.) प्रत्यक्षात मात्र चांगल्या रात्रीदेखील ती एका विकलेच्या आसपासच अडकून पडे. म्हणजे बारकाव्यापुरते बोलावयाचे, तर दहा-वीस सेंटिमीटर व्यासाची हौशी माणसाची दुर्बीण जे दाखवील तेच ही पाच मीटरांची महाकाय दुर्बीण दाखवीत होती. फक्त अधिक उजळ करून. पटांगणाएवढा आरसा केला असता तरी यात तिळमात्र फरक पडला नसता.

दोष आरशाचा नाही, ताऱ्याचाही नाही. दोष मधल्या हवेचा.

तापलेल्या तव्याच्या वरून पलीकडची भिंत पाहिली तर ती थरथरताना दिसते. वैशाखातल्या दुपारी डांबरी सडकेवर तोच प्रकार असतो. उष्ण हवा विरळ, थंड हवा दाट. दोहोंतून प्रकाश किंचित निरनिराळ्या वेगाने जातो, आणि म्हणून वाकतो. आपल्या डोक्यावरच्या आकाशातही अशा गरम-थंड हवेच्या गुठळ्या सतत घुसळत असतात. ताऱ्याचा प्रकाश शेकडो, हजारो वर्षे निर्वेध प्रवास करून येतो; आणि वाटेतल्या शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरांत, म्हणजे सेकंदाच्या काही लक्षांश भागात, त्याची दशा होते. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशविषयक ग्रंथात हे ओळखले होते. दुर्बीण कितीही निर्दोष घडविली तरी हवेचे हे कंपन चुकविता येणार नाही, आणि यावर उंच पर्वतशिखरावरील शांत हवा हाच काय तो उपाय, असा त्याचा अभिप्राय होता. पुढे अडीचशे वर्षे खगोलशास्त्रज्ञांनी मुकाट्याने तेच केले : डोंगर चढले.

आता ही ‘दशा होते’ म्हणजे नेमके काय होते, ते पाहिले पाहिजे. कारण सगळी गंमत तेथेच आहे.

तळ्यात खडा टाकला की वर्तुळाकार लाटा पसरतात. खड्याजवळ वर्तुळ लहान असते, म्हणून लाटेची कड वाकलेली दिसते. दूरच्या काठावर पोहोचेपर्यंत वर्तुळ इतके मोठे झालेले असते, की आपल्या पायांपाशी येणारा तिचा तुकडा जवळजवळ सरळ रेषाच भासतो. ताऱ्याचा प्रकाशही असाच तरंगांनी येतो. तरंगाच्या आघाडीच्या पृष्ठाला शास्त्रात तरंगाग्र म्हणतात; इंग्रजीतील वेव्हफ्रंट तो हाच. तारा अतोनात दूर असल्यामुळे वातावरणाच्या वरच्या सीमेवर हे तरंगाग्र नुकत्याच लाटलेल्या पापडासारखे सपाट असते. खाली येता येता त्याचा काही भाग दाट हवेत रेंगाळतो, काही विरळ हवेतून पुढे सटकतो, आणि आरशावर पोहोचतो तो भाजलेला पापड : येथे फुगवटा, तेथे खळगा. आणि हा पापडही एकसारखा राहत नाही. सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात त्याचे फुगवटे आणि खळगे नवे होतात. आपण जिला लुकलुक म्हणतो ती या वेड्यावाकड्या तरंगाग्राचीच करणी.

फुगवटे केवढे, हे ऐकून मी चकित झालो. काही मीटर रुंदीच्या आरशावर त्यांची उंची असते काही मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा उंचसखलपणाने पाच मीटरांच्या आरशाची किंमत वीस सेंटिमीटरांवर यावी!

यावर डोंगर चढण्याहून वेगळा उपाय १९५३ साली होरेस बॅबकॉक या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने सुचविला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : तरंगाग्र जितके वाकडे झाले आहे ते क्षणोक्षणी मोजा, आणि त्याच्या बरोबर उलट वाकडा आरसा वाटेत धरा, वाकड्याला वाकडे मिळून सपाट होईल. आरशावर तेलाचा पातळ थर द्यावा, आणि त्यावर विद्युद्भार सोडून तो हवा तेथे उंचसखल करावा, अशी त्याची योजना होती. काही वर्षांनी, १९५७ साली, रशियात लिनिक यानेही स्वतंत्रपणे असाच विचार मांडला. आज या विद्येला अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. मराठीत अनुकूली प्रकाशकी म्हणावयास हरकत नसावी. परंतु बॅबकॉकची सूचना कागदावर राहिली. आरसा वाकविणे अवघड होतेच; तथापि मला अधिक अवघड वाटते ती पहिली पायरी. सेकंदात शेकडो वेळा बदलणाऱ्या, मायक्रॉनच्या मापाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पृष्ठाचा नकाशा काढावयाचा कसा?

याचे उत्तर एका जुन्या, साध्या युक्तीत दडलेले होते. इ. स. १९०० च्या सुमारास जर्मनीत पोट्सडॅम येथील वेधशाळेत योहानेस हार्टमान हा शास्त्रज्ञ मोठ्या दुर्बिणीच्या भिंगातील दोष शोधीत होता. त्याने भिंगापुढे ओळीने भोके पाडलेला एक पडदा धरला. प्रत्येक भोकातून प्रकाशाची एक शलाका निघाली. त्या शलाका जेथे पडावयास हव्या तेथे न पडता कोठे आणि किती सरकल्या यावरून भिंगाचा कोणता भाग बिघडला आहे ते कळले. पुढे १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या हवाई दलाला जमिनीवरून कृत्रिम उपग्रहांची स्पष्ट छायाचित्रे हवी होती. तो प्रश्न अ‍ॅरिझोना विद्यापीठात आला. पडद्याने बहुतेक प्रकाश अडतो, आणि येथे तर प्रकाश मुळातच थोडा. तेव्हा रोलंड शॅक यांनी भोकांच्या जागी भिंगेच बसविण्याची कल्पना काढली. एकाला एक चिकटून बसविलेली, मिलिमीटरभर रुंदीची चिमुकली भिंगे! मधल्या जागेतला प्रकाशही वाया जाणार नाही, आणि प्रत्येक ठिपका अधिक ठसठशीत उमटेल. अशी भिंगांची जाळी त्या काळी विकत मिळत नव्हती. बेन प्लॅट या त्यांच्या सहकाऱ्याने ती खटपट करून घडविली, आणि १९७१ साली दोघांनी ती जगापुढे मांडली. ज्या दुर्बिणीसाठी हे सारे उपकरण तयार करून धाडले, त्या न्यू मेक्सिकोतील क्लाउडक्रॉफ्टच्या वेधशाळेत मात्र ते कधी बसविलेच गेले नाही, आणि पुढे ती वेधशाळाही बंद झाली. सरकारी खात्यात आयुष्य गेलेल्या मला यात नवल वाटले नाही.

हे उपकरण समजावून घेण्यासाठी माझ्या शिष्येने गच्चीवर खडूने ठिपक्यांची रांगोळी घातली. दहा ओळी, ओळीत दहा ठिपके. ‘‘सर, तरंगाग्र सपाट असेल तर प्रत्येक चिमुकलं भिंग आपला ठिपका आपल्या घराच्या बरोबर मध्ये टाकतं. अशी नीटस रांगोळी उमटते. एखाद्या भिंगावर आलेला तरंगाग्राचा तुकडा जर कललेला असेल, तर त्याचा ठिपका तेवढाच बाजूला सरकतो.’’ आणि तिने चारसहा ठिपके पुसून जरा हलवून काढले. सौ. म्हणाली, ‘‘ही तर माझी घाईतली रांगोळी झाली!’’

तर मोजावयाचे ते एवढेच : कोणता ठिपका, कोणत्या दिशेला, किती सरकला. त्यावरून त्या त्या तुकड्याचा उतार कळतो. उतारावरून उंची काढण्याचे काम गणिताचे. घरात फरशी बसविलेली असावी, आणि प्रत्येक फरशी कोणीकडे किती कलली आहे तेवढे सांगावे, की हुशार गवंडी सबंध जमिनीचा चढउतार सांगेल. तसेच हे, फक्त गणकयंत्राने सेकंदात हजार वेळा करावयाचे. ठिपके टिपणारा कॅमेरा आणि हिशेब करणारे यंत्र ही दोन्ही पुरेशी चपळ झाली, तेव्हाच बॅबकॉकची सूचना कागदावरून उतरली. तरंगाग्र मोजण्याच्या याहून वेगळ्या युक्त्याही आहेत. १९९६ साली इटलीच्या रागाझोनी यांनी काचेच्या बारीक पिरॅमिडच्या टोकावर ताऱ्याची प्रतिमा पाडून दुर्बिणीच्या आरशाच्या चार प्रतिमांच्या उजेडातील फरकावरून हेच माप काढले, आणि अलीकडच्या मोठ्या दुर्बिणींत त्या पद्धतीला मान वाढत आहे. परंतु मला समजली ती रांगोळीच.

माप मिळाले की वाकणारा आरसा. हा आरसा पातळ असतो, आणि त्याच्या पाठीमागे विजेचा दाब बदलला की केसाच्या जाडीच्या अल्पशा भागाइतक्या लांब-आखूड होणाऱ्या खुंट्यांच्या ओळी बसविलेल्या असतात. येथे एक बारकावा मला फार आवडला. तरंगाग्रात दोन मायक्रॉनचा खळगा असेल तर आरसा एकच मायक्रॉन हलवावा लागतो. कारण प्रकाश आरशाकडे जातो आणि परत येतो, म्हणून फरक आपोआप दुप्पट होतो. आणखी एक : मोजणारे उपकरण वाकणाऱ्या आरशाच्या पुढे नव्हे, मागे ठेवतात. त्याला हवेचा सगळा दोष दिसत नाही. आरशाने सुधारल्यानंतर जो उरला तेवढाच दिसतो. तो उरलेला दोष सुधारला की पुन्हा उरलेला पाहावयाचा. सायकल चालविणारा हँडल सारखे जरा इकडे, जरा तिकडे करीत तोल सांभाळतो, तसे हे रात्रभर चालते.

खगोलशास्त्रासाठी हे पहिल्यांदा साधले ते १९८९ च्या ऑक्टोबरात, फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या दीड मीटर दुर्बिणीवर. आरशामागे खुंट्या अवघ्या एकोणीस. वेध घेतले तेही अवरक्त प्रकाशात; त्याचे तरंग लांब असल्यामुळे तेवढाच उंचसखलपणा त्यांना कमी बाधतो. पसरट डागाच्या जागी दुर्बिणीच्या नियमाने द्यावयास हवा तसा टोकदार ठिपका पडद्यावर उमटला. न्यूटननंतर दोनशे पंच्याऐंशी वर्षांनी!

याच रांगोळीचा एक पाहुणा आपल्याही घराजवळ आलेला आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. डोळा हीही एक दुर्बीणच. डोळ्यात प्रकाशाची बारीक शलाका सोडली, तर पडद्यावरील तिचा ठिपका ताऱ्यासारखा चमकतो, आणि बुबुळातून बाहेर येणारे त्याचे तरंगाग्र चिमुकल्या भिंगांवर घेतले की त्या डोळ्याचा वाकडेपणा मोजता येतो. हायडेलबर्गच्या संशोधकांनी १९९४ साली हे करून दाखविले. १९९७ साली रॉचेस्टर विद्यापीठात वाकणाऱ्या आरशाची जोड देऊन जिवंत माणसाच्या डोळ्यातील एकेक शंकुपेशी पाहिली गेली. चष्मा घालविण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी अनेक नेत्ररुग्णालयांत ‘वेव्हफ्रंट’ नावाची तपासणी सांगतात, ती हीच.

पुन्हा आकाशाकडे वळू. या विद्येने काय मिळविले, याचे एकच उदाहरण देतो. पण ते खणखणीत आहे. आपल्या आकाशगंगेचे केंद्र धनु राशीच्या दिशेला, सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षे दूर आहे. तेथे काय आहे, हा जुना प्रश्न. मधल्या धुळीमुळे तेथील दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांतून एखादाच आपल्यापर्यंत पोहोचतो. अवरक्त प्रकाश मात्र धुळीतून वाट काढतो. अडचण अशी, की तरंगाग्र मोजावयाचे तर जवळपास एक ठळक तारा हवा, आणि दृश्य प्रकाशात तेथे सगळा अंधार. चिलीमधील पारानाल पर्वतावरील युरोपीय वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीसाठी २००१ साली जे उपकरण बसविले, त्यातील तरंगाग्र मोजणारा भाग म्हणून मुद्दाम अवरक्त प्रकाशात पाहणारा केला होता. आणि केंद्राच्या अगदी शेजारी असलेला एक लाल महाकाय तारा अवरक्तात झगमगत होता. त्याची रांगोळी मांडून शेजाऱ्यांची चित्रे सरळ केली गेली. २००२ च्या वसंतात एस-२ नावाचा तारा एका अदृश्य बिंदूला सतरा प्रकाशतासांच्या अंतरावरून वळसा घालताना दिसला. एवढ्या जवळून, आणि एवढ्या वेगाने! २०१८ साली तो पुन्हा त्या ठिकाणी आला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरांहून अधिक होता. त्या अदृश्य बिंदूचे वस्तुमान सुमारे चाळीस लक्ष सूर्यांइतके निघाले. जर्मनीचे राइनहार्ड गेंझेल आणि हवाई बेटांवरील केक दुर्बिणीने हेच काम करणाऱ्या अमेरिकेच्या अँड्रिया गेझ यांना २०२० च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला, तो यासाठी.

परंतु असा सोयीचा शेजारी सर्वत्र नसतो. तारा ठळकच हवा, कारण त्याचा प्रकाश शेकडो चिमुकल्या भिंगांत वाटला जातो आणि तोही सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता. फिकट ताऱ्याचे ठिपके उमटतच नाहीत. आणि तारा जवळच हवा, कारण दूरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या वेगळ्या गुठळ्यांतून येतो. या दोन अटींत बसेल असा आकाशाचा भाग अगदी थोडका. मग तारा नसेल तेथे तो आपणच निर्माण करावा, ही पुढची झेप. जमिनीपासून सुमारे नव्वद किलोमीटरांवर, जळालेल्या उल्कांनी मागे ठेवलेल्या सोडियमचा एक विरळ थर आहे. रस्त्यांवर पूर्वी असत त्या सोडियमच्या दिव्यांचा पिवळा रंग आठवावा. नेमक्या त्याच रंगाचा लेसर वर सोडला की त्या थरात एक कृत्रिम पिवळा तारा चमकू लागतो. हवा तेथे, हवा तेव्हा.

या कल्पनेचा इतिहास मात्र वाचून मला चुटपुट लागली. फ्रान्सच्या फॉय आणि लाबेरी यांनी १९८५ साली लेसरच्या ताऱ्याची कल्पना उघडपणे प्रसिद्ध केली. इलिनॉय विद्यापीठाच्या थॉम्सन आणि गार्डनर यांनी १९८७ साली हवाई बेटांतील मौना केआ पर्वतावर तसा तारा प्रत्यक्ष पाडून पाहिला. त्या साऱ्यांना ठाऊक नव्हते, की प्रिन्स्टनच्या विल्यम हॅपर यांनी सोडियमची कल्पना १९८२ सालीच अमेरिकेच्या संरक्षण खात्यापुढे ठेवली होती, आणि रॉबर्ट फ्यूगेट यांच्या हाताखाली न्यू मेक्सिकोतील हवाई दलाच्या तळावर यासंबंधीचे प्रयोगही कधीच सुरू झाले होते. सगळे कुलूपबंद. १९९१ च्या मे महिन्यात शीतयुद्ध ओसरल्यावर कुलूप उघडले, आणि फ्यूगेट यांनी आपले निकाल खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडले. लष्कराच्या पैशावाचून ही विद्या इतकी पुढे गेली नसती, हे खरे. शॅक यांची भिंगेसुद्धा त्याच पैशातून आली. तरीही एका देशातल्या जाणत्या माणसांनी शेजारच्या दालनात सुटलेले कोडे पुन्हा आरंभापासून सोडवीत बसावे, यात वर्षे फुकट गेली ती कोणाची? माझी शिष्या या बाबतीत माझ्यापेक्षा सौम्य आहे. ती म्हणते, निदान कुलूप उघडले तरी.

त्यानंतर तिने माझी परीक्षा घेतली. ‘‘सर, लेसरच्या ताऱ्यानं तरंगाग्राचे फुगवटे कळतात. पण सबंध तरंगाग्रच एका बाजूला कललं असेल, तर ते त्याला कळत नाही. का, ते विचार करून कळवा.’’ आठ दिवस लागले. पहाटे फिरायला गेलो असताना उत्तर सुचले. लेसरचा किरण वर जाताना हवेने जितका डावीकडे वाकविला, तितकाच तो खाली येताना त्याच हवेतून उलट वाकतो. जाताना झालेली चूक येताना भरून निघते, आणि तारा जागचा हललाच नाही असे वाटते. मग कल मोजावयाला खरा ताराच लागत असणार, असे मी तिला फोनवर सांगितले. तिने मान्य केले, आणि वर पुस्ती जोडली, की या कामाला फिकट तारादेखील पुरतो; कारण येथे प्रकाश शेकडो भिंगांत वाटावा लागत नाही, सबंध आरशाचा प्रकाश एकाच ठिपक्यात येतो.

तिचे मला विशेष आभार मानावयाचे आहेत ते पुण्याकडे लक्ष वेधल्याबद्दल. माझे कान पुण्याचे नाव ऐकले की टवकारतात, हे ती जाणून आहे. पुण्याच्या ‘आयुका’ने आणि अमेरिकेच्या कॅल्टेकने मिळून रोबो-एओ नावाचे एक उपकरण घडविले, आणि २०११-१२ च्या सुमारास ते पालोमारच्याच एका दीड मीटर दुर्बिणीवर बसविले. मोठ्या दुर्बिणींवरील ही यंत्रणा चालवावयाला माणसांचा ताफा लागतो. हे उपकरण मात्र रात्रभर आपले आपण चालते, ताऱ्यामागून तारा घेते. त्याचा लेसर अतिनील आहे. तो सोडियमच्या थरापर्यंत जात नाही. खालच्या हवेतूनच विखुरलेला त्याचा प्रकाश ताऱ्याचे काम करतो. वैमानिकांच्या डोळ्यांना तो दिसत नाही, ही आणखी सोय. केप्लर अवकाशयानाने ज्यांच्याभोवती ग्रह असल्याचे दाखविले, असे हजारो तारे या उपकरणाने तपासले. कशासाठी? तारा एकटा आहे, की त्याच्या शेजारी दुसरा लपला आहे, हे पाहण्यासाठी. ग्रहाचा आकार त्याने झाकलेल्या प्रकाशावरून काढतात. त्या प्रकाशात दुसऱ्याही ताऱ्याची भर असेल, तर सारा हिशेबच चुकतो आणि ग्रह वाजवीपेक्षा लहान ठरतो.

नववीतल्या त्या प्रश्नातील पटांगण मात्र माझ्या डोक्यातून गेले नव्हते. चिलीमध्ये आर्माझोनेस पर्वतावर युरोपीय वेधशाळेची जी नवी दुर्बीण उभी राहत आहे, तिचा मुख्य आरसा ३९ मीटर व्यासाचा आहे. ७९८ तुकडे जोडून केलेला. वाकणारा आरसाही तिच्या अंगातच असेल : अडीच मीटरांच्या आत-बाहेर, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर, आणि त्याला हलविणारी टोके पाच हजारांहून अधिक. रांगोळीचे ठिपके मांडण्यासाठी सोडियमचे सहा तरी लेसर आकाशात सोडावे लागतील. कारण नव्वद किलोमीटरांवरचा एकच तारा एवढ्या रुंद आरशावरची सगळी हवा मापू शकत नाही.

परवा मधल्या सुटीनंतर मी आमचे पटांगण पावलांनी मोजले. ध्वजस्तंभापासून पाण्याच्या टाकीपर्यंत बावन्न पावले भरली. माझे पाऊल पाऊण मीटरचे धरले, तर एकोणचाळीस मीटर.